फुप्फुसात बुरशी, आणि डॉक्टर म्हणतात प्रतिकारशक्ती जरा शांत करू?

पानगळ
नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझे सासरे, वय ६८, सांगलीकडे गावीच असतात. दमा जुनाच. गेली चारेक वर्षं खोकला वाढला, मधूनच ताप, आणि थुंकीतून तपकिरी, चिवट, गांडुळाच्या तुकड्यासारखं काहीतरी पडायचं. एक्स-रेत डाग दिसला की टीबीचा कोर्स. असे दोन झाले. थुंकीत टीबीचा जंतू एकदाही सापडला नाही, पण "डाग आहे ना, मग घ्या." डाग एकदा उजवीकडे होता, पुढच्या वेळी डावीकडे. हे आमच्या लक्षात आलं नाही आणि औषध देणाऱ्यांच्याही नाही.

आता एका छातीच्या डॉक्टरांनी रक्तातलं आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) तपासलं, ते साडेचार हजारांच्या घरात निघालं. सीटी झाला. निदान एबीपीए. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीमुळे होणारा आजार म्हणे. औषध काय, तर स्टेरॉइड. तेही काही महिने.

इथे घोडं अडलंय. २०२१ मध्ये माझा चुलत दीर करोनातून उठला आणि म्युकरने गेला. तेव्हापासून घरात सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलंय, स्टेरॉइडने बुरशी माजते. मग फुप्फुसात आधीच बुरशी असलेल्या माणसाला तेच द्यायचं? गोळ्यांची पाकिटं नऊ दिवस देवघराच्या फळीवर पडून आहेत. सासूबाई रोज त्यांच्याकडे बघून हात जोडतात, गोळ्यांना की देवाला ते कळत नाही.

नणंदेची मुलगी परदेशात उंदरांवर संशोधन करते. तिला फोन लावला तर म्हणाली, "मामी, आमच्याकडचे काही उंदीर बुरशीने मरत नाहीत, बुरशीवर चिडून मरतात. आजोबांना गोळी द्या." आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

हे चिडून मरणं म्हणजे काय? आणि बुरशी मारते की आपलंच शरीर, हे कुणी कसं ठरवलं?

शंकासुर
चिडून मरणारे उंदीर? आमच्या सोसायटीत सगळे चिडूनच जगतात. शतायुषी होतात.

आजोबा_सातारकर
ताई, घाबरू नका. रोगाचं मूळ प्रतिकारशक्ती कमी होण्यात असतं. गुळवेल, हळद, मिरी, तुळस. सकाळी उपाशीपोटी. शक्ती वाढली की बुरशी आपोआप जाते. ती दाबणारं औषध बुरशीवर देणं म्हणजे चोर घरात असताना कुत्रं बांधून ठेवणं.

निमूट
वाचतेय. आमच्याकडेही दोन वेळा टीबीचं औषध झालंय, जंतू नाही. उत्तरांची वाट बघते.

उंदीरवाली
सातारकर आजोबा, कुत्र्याचं उदाहरण चांगलं आहे, पण ते कुत्रं चोराला सोडून घरच्यांचेच लचके तोडायला लागलं तर? बुरशीच्या बाबतीत हे खरंच होतं. मी सहा वर्षं या उंदरांमध्ये काढली आहेत (भारतातच), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पानगळ, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण खरी गंमत तिथे आहे. बुरशी मारते की शरीर, हे वेगळं करायचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे मेलेली बुरशी देऊन बघायची.

क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज नावाचा एक जन्मजात आजार आहे. त्यातल्या पांढऱ्या पेशींना जंतू मारण्यासाठी लागणारी ऑक्सिजनची तीव्र संयुगं बनवता येत नाहीत. १९९५ मध्ये तसाच जनुकीय दोष असलेले उंदीर तयार झाले. त्यांना जिवंत अ‍ॅस्परजिलस दिला तर ते आजारी पडणारच, त्यात नवल नाही. पण १९९७ साली संशोधकांनी अशा उंदरांच्या श्वासनलिकेत अ‍ॅस्परजिलसचे निर्जंतुक केलेले धागे सोडले. वाढण्याची शक्यता शून्य. साध्या उंदरांनी थोडी खळखळ केली आणि ते कण साफ करून टाकले. दोष असलेल्या उंदरांच्या फुप्फुसात मात्र पांढऱ्या पेशींची झुंबड उडाली, ती आठवडेच्या आठवडे हटली नाही. समोर शत्रू नाही, त्याचं प्रेत आहे, आणि फौज त्या प्रेतावर तुटून पडलीये. यातून कळलं की ती संयुगं फक्त जंतू मारायला नसतात, दाह वेळेवर थांबवायलाही लागतात.

माणसातही याचा पडताळा आहे. हा आजार असलेले काही जण बागेतला कुजका पालापाचोळा उपसून आले आणि थोड्याच दिवसांत श्वास लागून दवाखान्यात पोचले. त्यांना बुरशीविरोधी औषध आणि स्टेरॉइड दोन्ही मिळून द्यावं लागतं. नुसत्या एकाने भागत नाही.

आता दुसरी तऱ्हा. क्रिप्टोकॉकस ही यीस्टसारखी गोल बुरशी, अंगावर साखरेचं जाड कवच. शाईच्या थेंबात बघितली तर काळ्या आभाळात चंद्राभोवती खळं पडावं तशी दिसते. तिची एकच जात, तेवढीच मात्रा दोन वंशांच्या उंदरांना दिली. पांढऱ्या बॅल्ब-सी घराण्यातल्यांनी काही आठवड्यांत ती आटोक्यात आणली. काळ्या सी५७ ब्लॅक-६ उंदरांना ती कधीच काढता आली नाही. ते काही कमी लढले नव्हते. उलट त्यांच्या फुप्फुसात पेशी जास्तच होत्या, पण चुकीच्या. इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत आणि जंतांवर धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी), चिकट कफ, आणि आपल्याच प्रथिनांचे सुईसारखे स्फटिक.

ते स्फटिक मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं स्लाइड खराब झाली, रंग नीट धुतला गेला नाही. गुलाबी, लांबट, दोन्ही टोकांना निमुळते, पेशीच्या पोटात आडवेतिडवे खुपसलेले. दुसरी स्लाइड केली, तिसरी केली. शेवटी मॅडम आल्या, डोळा लावला आणि म्हणाल्या, "काळा उंदीर ना? मग बरोबर आहे." १९९८ साली गॅरी हफनेगल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की याच काळ्या उंदरांमध्ये आयएल-५ हा एकच निरोप अडवला तर इओसिनोफिलही येत नाहीत आणि स्फटिकही साचत नाहीत.

शरीराच्या प्रतिकाराला वेगवेगळे ढंग असतात. एक ढंग पेशीत शिरलेल्या जंतूंसाठी, त्याला टीएच-१ म्हणतात. दुसरा पोटातल्या जंतांसाठी, टीएच-२. त्यात आयएल-४, आयएल-५, आयएल-१३, आयजीई, इओसिनोफिल हे सगळं येतं. काळा उंदीर क्रिप्टोकॉकसवर जंताचं हत्यार काढतो. त्यामुळे बुरशी गिळणाऱ्या पेशींचा स्वभावच बदलतो. ज्या आर्जिनीन नावाच्या अमिनो आम्लापासून त्यांनी विषारी नायट्रिक ऑक्साइड करायचं, ते त्या डागडुजीच्या कामाला लावतात. बुरशी त्यांच्या पोटात आरामात वाढते. ज्या उंदरांमधून आयएल-४ किंवा आयएल-१३ काढून टाकलंय, ते जास्त तगतात. प्रतिकाराचा एक भाग कमी केला की उंदीर बरा, हे वाक्य मलाही पहिल्या वर्षी पचलं नव्हतं.

शंकासुर
म्हणजे घरात साप निघाला आणि आपण अग्निशामक दलाला फोन केला. त्यांनी येऊन घरभर पाणी मारलं. साप तसाच, गाद्या भिजल्या.

मुक्काम_पोस्ट
@शंकासुर आमच्या नगरपालिकेत साप पकडायलाही बंबवालेच येतात. उदाहरण बदला.

उंदीरवाली
@शंकासुर, बाकी चपखल आहे. फक्त भिजलेल्या गादीत साप पिलं घालतो हे जोडा.

डॉ_खोकला
छातीचाच डॉक्टर आहे. कुणाचा डोस इथे सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पानगळ, तुमच्या सासऱ्यांचा आजार म्हणजे उंदीरवालींनी सांगितलेल्या दुसऱ्या प्रकाराचा माणसातला भाऊबंद. एबीपीएचं पहिलं वर्णन १९५२ सालचं, इंग्लंडमधलं. अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, आपण सगळेच रोज शेकड्यांनी आत घेतो. आत्ता हे वाचतानाही. निरोगी फुप्फुस ते गुपचूप बाहेर टाकतं. झोपलेल्या बीजाणूवर हायड्रोफोबिन नावाच्या प्रथिनाचा थर असतो, त्या रेनकोटात तो शरीराला दिसतच नाही. हे २००९ मध्ये सिद्ध झालं. बीजाणू ओल धरून फुगला, रेनकोट फाटला की आतल्या शर्करेच्या साखळ्या उघड्या पडतात आणि बोंब होते. दम्याच्या रुग्णात कफ दाट असतो, बीजाणू तिथे रुजतो. फुप्फुसाच्या मांसात शिरत नाही, नळीतल्या कफातच राहतो. पण शरीर टीएच-२ पद्धतीने त्याच्यावर उखडतं. आयजीई हजारोंत जातं, इओसिनोफिल येतात, कफाचे तपकिरी साचे होतात (तुमचे गांडुळाचे तुकडे ते हेच), आणि श्वासनळ्या कायमच्या फुगून बसतात. नळ्यांची ही नासधूस मुख्यतः दाहाने होते. म्हणून दाह उतरवायला स्टेरॉइड. इट्राकोनॅझोलसारखं बुरशीचं औषध त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला देतात, म्हणजे चिडवणाराच कमी होतो.

जागा बदलणारा डाग ही या आजाराची जुनी खूण. आपल्याकडे यातले कितीतरी रुग्ण आधी टीबीचं औषध खाऊन आलेले असतात. टीबी इतका आहे की डाग म्हटलं की हात तिकडेच जातो. मीही सुरुवातीच्या वर्षांत हे केलंय, खोटं कशाला बोलू. चंडीगढच्या पीजीआयमधल्या लोकांनी या आजारावर जगाला उपयोगी पडेल असं काम केलंय. आयजीईची रेषा पूर्वी १००० होती, २०२४ च्या सुधारित निकषांत ती ५०० वर आली. तुमचा आकडा दोन्हींच्या कितीतरी वर आहे.

मुक्काम_पोस्ट
डॉक्टर, सगळं मान्य, पण २०२१ चं काय? आम्ही डोळ्यांनी बघितलंय. स्टेरॉइड घेतलं, साखर चढली, डोळा काढावा लागला. पानगळ यांच्या घरच्यांची भीती वेडेपणा नाही. "उंदरात असं असतं" म्हणून माणसाला गोळी द्यायची?

डॉ_खोकला
@मुक्काम_पोस्ट, भीती अजिबात वेडेपणा नाही. पण ती दुसऱ्या आजाराची आहे. म्युकरच्या त्या लाटेत बुरशी ऊतकात घुसत होती, रक्तवाहिन्या बंद करत होती, बहुतेकांत नाक-डोळा-मेंदूच्या वाटेने. साखर बेताल, वर स्टेरॉइड, लढणाऱ्या पेशी लुळ्या. तिथे फौज कमी पडली. एबीपीएत फौज नको तिथे नको तितकी. एकाच औषधाने एकीकडे आग विझते, दुसरीकडे वाढते. म्हणून आधी निदान नीट हवं. आणि साखर या धाग्यातल्या कुणीच विचारली नाही अजून. पानगळ, सासऱ्यांना मधुमेह आहे का?

अर्धवट_शास्त्रज्ञ
मी जरा मीठ टाकतो. उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे.

उंदराला आपल्यासारखा दमा निसर्गतः होत नाही. त्याच्या श्वासनळीत कफाच्या ग्रंथी अगदी वरच्या भागात, खाली नाहीतच. आपल्या रक्तात निम्म्याहून जास्त पांढऱ्या पेशी न्यूट्रोफिल, त्याच्या रक्तात पाव भागही क्वचित. आयएल-८ आपल्याकडे न्यूट्रोफिल बोलावतं, उंदराकडे ते जनुकच नाही. आणि प्रयोगशाळेतला उंदीर गाळलेल्या हवेत, उकळलेल्या भुश्यावर वाढलेला. २०१६ च्या एका कामात दिसलं की त्याची प्रतिकारयंत्रणा नवजात बाळासारखी असते. दुकानातल्या मळक्या उंदरांबरोबर ठेवला तर ती मोठ्या माणसासारखी होते.

वर ही गंमत बघा. लीशमॅनिया नावाच्या परजीवीच्या संसर्गात काळा उंदीर शहाणा आणि बॅल्ब-सी मूर्ख. क्रिप्टोकॉकसच्या ज्या जातीबद्दल उंदीरवाली बोलल्या, तिच्यात बरोब्बर उलटं. मग माणूस काळा की पांढरा?

उंदीरवाली
@अर्धवट_शास्त्रज्ञ, सगळे मुद्दे बरोबर आहेत. लीशमॅनियाचा मुद्दा तर माझ्या मुलाखतीत विचारला होता, माझी दातखीळ बसली होती.

पण त्यातूनच मला शिकायला मिळालं. "चांगला प्रतिकार करणारा उंदीर" अशी वस्तूच नाही. जंतू कोण, मात्रा किती, शिरला कुठून, दिवस कितवा, हे सगळं मिळून ठरतं. आर्तुरो कासादेव्हाल आणि लीझ-अ‍ॅन पिरोफ्स्की यांनी १९९९ मध्ये हेच मांडलं. आजार म्हणजे झालेलं नुकसान, आणि ते नुकसान जंतूमुळे होतं तसं शरीराच्या उत्तरामुळेही. त्यांची आकृती म्हणजे झोळीसारखी वक्ररेषा. डावीकडे उत्तर फार कमी, नुकसान जास्त. उजवीकडे उत्तर फार जास्त, नुकसान पुन्हा जास्त. मधे झोळीच्या पोटात आपण सुखाने झोपतो. म्युकर डावीकडच्या टोकाला, एबीपीए उजवीकडच्या. मुक्काम_पोस्ट आणि डॉक्टर एकाच झोळीच्या दोन दोऱ्या धरून भांडतायत.

उंदीर रुग्णाचा फोटो नाही, पण एकेक बटण बंद करून बघायला दुसरं काय आहे?

वटवाघूळ
आयडीला जागून थोडं अवांतर. अमेरिकेत वटवाघळांना पांढऱ्या नाकाचा आजार होतो. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत पहिल्यांदा दिसला. बुरशी थंडी आवडणारी, वटवाघळं हिवाळ्यात झोपली की नाका-पंखांवर वाढते. झोपेत त्यांची प्रतिकारयंत्रणाही झोपलेली, त्यामुळे सूज नाही की काही नाही. वसंतात जी जगून उठतात त्यांचं अंग तापतं, आणि मग पांढऱ्या पेशी पंखांवर अशा तुटून पडतात की पंखाचं कातडं झडतं. २०१२ मध्ये संशोधकांनी याची तुलना एचआयव्हीच्या रुग्णात औषध सुरू झाल्यावर परतलेली प्रतिकारशक्ती जशी उसळते त्याच्याशी केली. फुप्फुसातलं नाही, पण चिडण्याचंच उदाहरण, आणि हे कुणी प्रयोगशाळेत घडवलेलं नाही.

तिरफळ
देवाक काळजी रे त्या वाघळांची!

पण मला खरंच विचारायचं होतं. हे सगळं वाचताना सारखं मनात येतं, ते उंदीर. फुप्फुसात बुरशी सोडतात म्हणजे कशी? आणि झोप लागते का हो तुम्हाला?

उंदीरवाली
तिरफळ, विचारलंत ते बरं केलंत. हा प्रश्न कुणी विचारत नाही, किंवा मग शिव्याच देतात.

उंदराला आयसोफ्लुरेनची भूल देतात. मग तिरक्या फळीवर, पुढच्या दातांखाली रबर अडकवून पाठीवर टेकवतात. चिमट्याने जीभ हळूच बाजूला घ्यायची, घशात ५० मायक्रोलिटर थेंब सोडायचा, नाक क्षणभर दाबायचं. दोन श्वासांत थेंब आत. एक बारीक टिकटिक आवाज येतो, तो आला की आत गेला असं समजायचं. मिनिटभरात उंदीर उठून मिशा पुसतो. पुढे रोज वजन. ठरलेल्या मर्यादेपलीकडे, बहुतेक ठिकाणी वीस टक्के, उतरलं तर त्याला तिथेच वेदनेविना संपवायचं, मरू द्यायचं नाही. किती उंदीर, कशासाठी, कमी चालणार नाहीत का, हे आधी संस्थेच्या प्राणी-नीती समितीला लिहून पटवावं लागतं. माझा एक प्रस्ताव "संख्या कमी करा" म्हणून दोनदा परत आला होता, आणि त्यांचं बरोबर होतं.

झोपेचं म्हणाल तर एक सांगते. उजव्या हाताने सगळं करते, पण शेवटचा दिवस असला की सकाळी त्यांना हातात घेताना डावा हात पुढे करते. कारण माहीत नाही.

आणि ज्या प्रयोगाने माझं मत कायमचं बदललं तो राहिलाच. न्यूमोसिस्टिस. १९०९-१० मध्ये पहिल्यांदा दिसला, पुढे कितीतरी वर्षं प्राणीजन्य परजीवी समजला गेला, १९८८ मध्ये जनुकं वाचल्यावर कळलं की ही बुरशी. टी आणि बी पेशीच नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसात ती आठवडेच्या आठवडे भरत जाते. तरी बराच काळ उंदीर खातो, फिरतो, श्वास ठीकठाक. मग त्याला निरोगी उंदराच्या प्लीहेतल्या पेशी टोचायच्या, म्हणजे फौज उसनी द्यायची. दोन आठवड्यांच्या आत वजन घसरतं, श्वास जलद होतो, फुप्फुस कडक होतं, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. बुरशी तेवढीच किंवा कमीच. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या गटाने फुप्फुसाची लवचिकता मोजून हे दाखवलं.

पानगळ, "कसं ठरवलं" याचं दुसरं उत्तर हे. बुरशीचा आकडा आणि उंदराचा हाल दोन वेगळ्या वहीत लिहायचे, आणि दोन्ही रेषा एकत्र चालतात का ते बघायचं. इथे चालत नाहीत.

डॉ_खोकला
याला जोड देतो. एचआयव्हीच्या रुग्णाला न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया होऊन ऑक्सिजन फार उतरला असेल तर औषधाबरोबर स्टेरॉइड द्यावं, ही शिफारस १९९० पासून आहे. जीव वाचतात. औषधाने बुरशी मरायला लागते तेव्हाच रुग्ण जास्त ढासळायचा, तो त्या दाहामुळे.

पण कुणी "म्हणजे बुरशी म्हटली की स्टेरॉइड" असं घरी घेऊन जाऊ नका. क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात हाच विचार करून आशिया-आफ्रिकेतल्या एचआयव्हीच्या रुग्णांना डेक्सामेथासोन देऊन पाहिलं. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. चाचणी मधेच थांबवावी लागली. मृत्यू कमी झाले नाहीत, अपंगत्व वाढलं, बुरशी हटायला वेळ लागला. त्याच आजारात २०१४ च्या दुसऱ्या चाचणीत, युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत, एचआयव्हीचं औषध एक-दोन आठवड्यांत सुरू केलेल्यांपैकी २६ आठवड्यांत ४५ टक्के दगावले, पाचेक आठवडे थांबलेल्यांपैकी ३० टक्के. फौज परत बोलवायची, पण मैदान जरा साफ झाल्यावर.

आजोबा_सातारकर
एवढं शास्त्र वाचून माझी सकाळची हळद घशात अडकली. म्हणजे काढा बंद?

शंकासुर
आजोबा, काढा चालू ठेवा. त्याने शक्ती वाढते असं तुम्ही म्हणता, उंदीर चिडल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

अर्धवट_शास्त्रज्ञ
"इम्युनिटी वाढवा" लिहिलेल्या बाटल्यांवर पुढे "कोणती?" असा एक शब्द छापायची सक्ती करा, निम्मे धंदे बंद होतील.

दादरकर
ही बुरशी कबुतरांमुळे होते ना? २०२५ मध्ये आमच्या कबुतरखान्यावरून केवढा राडा झाला! आमच्या मजल्यावरच्या काकूंना कबुतरांनीच फुप्फुसाचा आजार झाला.

डॉ_खोकला
@दादरकर, दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. कबुतराच्या वाळक्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस सापडतो हे खरं, ते १९५५ मध्येच एमन्स यांनी दाखवलं. पण काकूंना जो झाला असावा तो आजार संसर्गच नाही. पिसांतली, विष्ठेतली प्रथिनं वर्षानुवर्षं श्वासात जातात आणि फुप्फुस त्यांच्यावर चिडतं. जंतू नाही, बुरशी नाही, नुसतं चिडणं. काहींत फुप्फुस घट्ट होऊन जातं.

भुसार
सांगलीकडचे म्हणालात म्हणून विचारतो. सासरे गोठ्यात असतात का? वैरण, भुसकट? इंग्लंडात गोठ्यातल्या बुरसट गवताने शेतकऱ्यांना होणारा आजार १९३२ मध्येच नोंदलाय. घोड्यांनाही तसंच होतं, बुरसट गवताच्या धुळीने धाप लागते, पोटाचे स्नायू ताणून श्वास सोडतात. मोकळ्या रानात सोडलं की बरीच उतरते. आमच्या कारखान्यावर बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) ढिगाशी काम करणाऱ्यांना तोंडाला बांधायला सांगायचो, कुणी ऐकायचं नाही.

पानगळ
सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक उत्तर दोनदा वाचलं. सासऱ्यांनाही वाचून दाखवलं, फक्त डावा हात पुढे करण्याची गोष्ट वाचताना मीच थांबले.

डॉ_खोकला, मधुमेह आहे, पण काठावरचा. हे छातीच्या डॉक्टरांना आम्ही सांगितलंच नव्हतं, त्यांनी विचारलं तेव्हा दीर "काही नाही" म्हणाले होते. काल फोन करून सांगितलं. त्यांनी आठवडाभर रोज साखर तपासून आकडे पाठवायला सांगितले, गोळी चालू करायला सांगितली, आणि दोन महिन्यांनी आयजीई पुन्हा. इट्राकोनॅझोल नंतर जोडायचं की नाही ते तेव्हा बघू म्हणाले. दम्याच्या पंपातल्या स्टेरॉइडशी त्याचं जुळत नाही असंही काहीतरी म्हणाले.

भुसार, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. गोठा आहे, दोन म्हशी आहेत. आणि पावसाळ्यात भिजलेल्या कडब्याची गंज सासरेच उपसतात, कारण "गड्याला जमत नाही".

आज सकाळी पहिली गोळी घेतली. पाकीट फळीवरून काढताना सासूबाई म्हणाल्या, "कमी करायचंय म्हणतात ना, मग अर्धीच दे." पूर्ण दिली.

डॉ_खोकला
छान. पंपाचं बरोबर सांगितलंय, ब्युडेसोनाइड असेल तर इट्राकोनॅझोलमुळे ते अंगात साठतं. पंपाचं नाव त्यांना कळवा. आणि गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, बरं वाटलं तरी.

भुसार
आणि कडब्याची गंज?

पानगळ
गडी उपसणार असं ठरलंय. सासरे बांधावर खुर्ची टाकून बसलेत आणि तिथून ओरडतायत.

शंकासुर
चिडून. :)